नऊ नंबरच्या ओळीतलं चित्र

मी एक जुना तक्ता आहे. तुमच्या वर्गात भिंतीवर टांगलेला असतो तो पाढ्यांचा किंवा फळांचा तक्ता नव्हे. मी संगणकातला तक्ता. आडव्या ओळी, उभे रकाने आणि त्यांच्यामधली चौकोनी घरं, एवढाच माझा देह. मित्रांनो, आधीच सांगून ठेवतो, माझा स्वभाव संशयी आहे. माझ्या घरात कुणी काही आणून ठेवलं की मी पहिल्यांदा विचारतो, तू कोण, कुठून आलास आणि किती दिवस राहणार? लोकांना वाटतं, म्हातारपणी असं होतं. मुळीच नाही. मी पहिल्यापासून असाच आहे, आणि माझी हकीकत ऐकलीत तर तुम्हीही माझ्यासारखेच व्हाल.

माझं पूर्ण नाव 'गोळ्या यादी नवी शेवटची खरी'. हसू नका. ज्याला स्वतःच्या नावात 'खरी' लिहून घ्यावं लागतं, त्याच्या घरात काहीतरी गडबड असणारच. होतीच. माझ्याआधीची 'गोळ्या यादी', 'गोळ्या यादी नवी' आणि 'गोळ्या यादी नवी शेवटची' ही तिन्ही भावंडं त्याच फोल्डरमध्ये पडून होती. कधी कुणी चुकून त्यांच्यातलंच एखादं उघडेल, या धास्तीत माझं बालपण गेलं.

माझा जन्म एका वृद्धनिवासात झाला. दोन मजले, लांब व्हरांडा आणि बावीस खोल्या. प्रत्येक खोलीत एक आजी किंवा एक आजोबा. खालच्या मजल्यावर जिन्याला लागून औषधांची खोली होती. तिथे गोळ्यांच्या ड्रॉवरचं कपाट, माझा संगणक आणि कागद खाणारा एक प्रिंटर. त्या प्रिंटरवर माझा कधीच विश्वास बसला नाही. तो माझी शेवटची ओळ मुद्दाम पुसट छापायचा, आणि बावीस नंबरच्या आजींना वाटायचं आपल्याला कुणी विचारतच नाही.

मला घडवलं सिस्टरांनी, म्हणजे तिथल्या नर्सनी. त्या दोनच बोटांनी टाइप करायच्या, पण एकही अक्षर चुकायचं नाही. खोली नंबर, नाव, गोळीचं नाव, सकाळ, दुपार, रात्र असे माझे रकाने त्यांनी आखले. रोज सकाळी सात वाजता त्या मला कागदावर उतरवत आणि तो कागद ट्रेमध्ये ठेवत. कागदावरचा मी तोही मीच हो, फक्त पायी फिरणारा.

तो ट्रे घेऊन फिरायच्या मावशी. सगळे त्यांना मावशी म्हणत, त्यांच्याहून वीस वर्षांनी मोठे असलेले आजोबासुद्धा. अकरा वर्षं त्या तिथे होत्या. ड्रॉवरमधून गोळ्या काढायच्या, छोट्या वाट्यांत भरायच्या, वाट्यांवर नंबर लावायचे आणि बावीस दारं वाजवायची. गोळी घशाखाली गेल्याशिवाय दारातून हलायचं नाही. चार नंबरच्या खिडकीवाल्या आजी गोळी गालात धरून ठेवायच्या आणि मावशी गेल्यावर कुंडीत टाकायच्या. मावशींनी ते पहिल्याच आठवड्यात पकडलं होतं. त्यानंतर त्या आजींना गोळी दिली की "आता मला एक गाणं म्हणून दाखवा" म्हणायच्या. गालात गोळी धरून गाणं कोण म्हणणार!

आता माझ्या संशयाचं सांगतो. कागदावरून मावशींचा हात फिरायचा तेव्हा तो फक्त आकड्यांवर थांबायचा. चार, नऊ, सहा. अक्षरांवरून तो नुसता सरकत जायचा, रस्त्यावरच्या अनोळखी माणसांजवळून जावं तसा. माझ्या मनात शंकेची पाल चुकचुकली. पण तक्त्याला तोंड नसतं. आणि मावशींचं कधी काही चुकतही नव्हतं, कारण नवी गोळी आली की त्या कुणाला तरी म्हणत, "जरा वाच गं, माझा चष्मा राहिला घरी." एकदा ऐकलं की ते जन्मभर लक्षात.

एक दिवस मात्र फ्रिजच्या दारावर सिस्टरांनी चिठ्ठी चिकटवली की चार नंबरच्या आजींचं रक्त तपासायचं आहे, आज सकाळी त्यांना गोळी देऊ नये. मावशींनी दिली. सिस्टरांनी विचारलं, चिठ्ठी वाचली नाही का? मावशी म्हणाल्या, चष्मा विसरले. चष्मा त्यांच्या गळ्यातच लटकत होता. सिस्टरांनी खोलीचं दार लोटून घेतलं आणि मावशी खुर्चीत बसून पदरात तोंड लपवून रडल्या. वाचता येत नाही हे कळलं तर काम जाईल, या भीतीनं त्यांनी अकरा वर्षं काढली होती. घरी त्या एकट्याच कमावत्या होत्या आणि आजारी नवरा अंथरुणाला खिळलेला होता.

सिस्टरांनी हे कुणाला सांगितलं नाही. त्यांनी माझ्यात एक नवा रकाना उघडला, चित्राचा.

इथून माझ्या आयुष्यात चित्रं शिरली आणि माझी झोप उडाली. ती दोन वाटांनी आली. काही आली माहितीपत्रकांतून. औषध कंपन्या ती सिस्टरांना पाठवत. सिस्टर त्यांतलं गोळीचं चित्र उचलून माझ्यावर आणून टाकायच्या. ही मंडळी अंगानं भलतीच जाड. पन्नास चित्रांत माझं वजन असं वाढलं की उघडताना मला धाप लागायची. दुसरी आली वेबपानांवरून. त्यांना उचलून आणावंही लागायचं नाही. माझ्या घरात त्यांचा नुसता पत्ता लिहिला की तिथे त्यांचा चेहरा दिसायचा. छान, हलकी, झटपट. पण मला ती पहिल्या दिवसापासून पटली नाहीत. राहायला आपल्या घरी आणि तोंड दाखवायला माझ्याकडे! असल्या पाहुण्यांचा काय भरवसा?

तसंच झालं. एका सोमवारी त्यांच्यातली तीन चित्रं न सांगता पसार झाली. त्यांच्या जागी नुसती चुकीची खूण उरली. चौथ्यानं तर कमाल केली. त्या पानाच्या मालकांनी गोळीचा फोटो काढून त्याच पत्त्यावर जाहिरात लावली होती, आईवडील आणि दोन मुलं असं हसरं कुटुंब. मावशी कागद घेऊन आल्या आणि गंभीर चेहऱ्यानं म्हणाल्या, "सिस्टर, सहा नंबरच्या आजोबांना आज ही चौघंही द्यायची का?"

सिस्टर पोट धरून हसल्या, पण घाबरल्याही. त्या दिवशी त्यांनी पत्त्यावरची सगळी चित्रं काढून टाकली, वेबपानांवरून खरे फोटो उतरवून घेतले आणि माहितीपत्रकांतल्या चित्रांसारखेच माझ्यावर ठेवले. आता एकही चित्र बाहेरच्या मर्जीवर नव्हतं. सगळी इथेच राहणार होती. सिस्टर निश्चिंत झाल्या.

मी नाही झालो. कारण मला एक गोष्ट ठाऊक होती. ती चित्रं माझ्या घरांत नव्हती, घरांच्या वर होती. टेबलावर कापड अंथरून त्यावर ताटल्या मांडाव्यात तशी. ताटल्या काही कापडाला शिवलेल्या नसतात. सिस्टरांनाही ते ठाऊक असावं, कारण त्यांनी सगळ्यांना ताकीद दिली की या यादीला माझ्याशिवाय कुणी हात लावायचा नाही. का, ते मात्र कुणाला सांगितलं नाही. मित्रांनो, 'का' सांगितल्याशिवाय दिलेली ताकीद कुणी मनावर घेत नाही, हे तुम्हाला घरी पुरेपूर कळलेलं असेल.

दोन वर्षं बरी गेली. तपासायला येणाऱ्या डॉक्टरीणबाईंनी माझं कौतुक केलं, अशी चित्रांची यादी दुसऱ्या कुठल्या निवासात पाहिली नाही म्हणाल्या. मला ते कौतुकही जरा संशयास्पदच वाटलं.

मग व्यवस्थापक बदलले. नवे साहेब वाईट नव्हते, पण संशयात मला भारी होते. ते फिनेलच्या बाटलीवर पेनानं खूण करून ठेवत. व्हरांड्यातल्या खुर्च्या रोज मोजत. आणि त्यांना टापटिपीचा नाद होता. खुर्च्या एका रेषेत हव्यात, चपला एका रेषेत हव्यात.

सिस्टरांच्या लेकीचं बाळंतपण आलं म्हणून त्या तीन आठवड्यांच्या रजेवर गेल्या. साहेबांना तपासणीचं पत्र आलं ते त्याच आठवड्यात. त्यांनी मला उघडलं आणि कपाळाला आठ्या घातल्या. नावं अकारविल्हे नाहीत, ही काय यादी आहे? त्यांनी नावांचा रकाना निवडला आणि एक बटण दाबलं.

मी जिवाच्या आकांतानं ओरडलो. म्हणजे ओरडलो असतो.

एका क्षणात माझ्या सगळ्या ओळी उठल्या आणि नव्या क्रमानं बसल्या. नावाबरोबर खोलीचा नंबर गेला, गोळीचं नाव गेलं, सकाळ, दुपार, रात्र गेलं. चित्रं मात्र होती तिथेच बसून राहिली. खालची माणसं बदलली, वरचे चेहरे तेच. सहा नंबरच्या शिंपी आजोबांची रक्त पातळ करणारी पिवळी गोळी आता नऊ नंबरच्या मास्तरांच्या ओळीत दिसत होती. आणि मास्तर आठच दिवसांपूर्वी न्हाणीघरात पडले होते. त्यांच्या कपाळाचे टाकेसुद्धा अजून निघाले नव्हते. रक्त पातळ करणारी गोळी त्यांना म्हणजे विषच.

साहेबांनी नावं वरून खाली वाचली, मान डोलावली आणि मला जपून ठेवलं. चित्रांकडे त्यांचं लक्षच गेलं नाही. ज्यांना वाचता येतं ती माणसं चित्रं बघत नाहीत, हे मला तेव्हा कळलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता साहेबांनीच कागद छापून ट्रेमध्ये ठेवला. मावशी आल्या, हात धुतले आणि कागदावर बोट ठेवलं. बोट नऊवर थांबलं. मग चित्रावर गेलं आणि परत नऊवर आलं. मी कागदावरून त्यांच्याकडे पाहत होतो. खोटं माझ्याच अंगावर छापलेलं होतं आणि मला ते पुसता येत नव्हतं. आयुष्यात एवढी लाज मला कधी वाटली नव्हती.

मावशींनी एकही वाटी भरली नाही. त्या साहेबांच्या टेबलासमोर जाऊन उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, यादी चुकली आहे.

साहेबांनी वर पाहिलं. यादी आपण स्वतः लावली आहे, ती कशी चुकेल, असं त्यांनी विचारलं. मावशी म्हणाल्या, ही पिवळी मास्तरांची नाही, शिंपी आजोबांची आहे. साहेब म्हणाले, गेल्या आठवड्यात डॉक्टरांनी काही गोळ्या बदलल्या, तुम्हाला काय माहीत? मावशी जागच्या हलल्या नाहीत. आता साहेबांच्या डोळ्यांत तो फिनेलच्या बाटलीवाला संशय आला. ड्रॉवरमधल्या गोळ्या कमी तर झाल्या नाहीत ना, म्हणून या बाई आज ट्रे न्यायला कां कूं करताहेत, असं त्यांच्या मनात आलंच. त्यांनी तसं आडून आडून म्हटलंही. मावशींचा चेहरा पांढरा पडला, पण कागद त्यांनी सोडला नाही.

वर व्हरांड्यात काठ्यांचे आवाज सुरू झाले होते. गोळ्यांना उशीर झाला की चहाला उशीर होतो, आणि चहाला उशीर झाला की बावीसच्या बावीस म्हातारे एकदम तरुण होऊन भांडायला खाली येतात. साहेबांनी घड्याळाकडे पाहिलं.

"गोळीचं नाव लिहिलंय ना शेजारी?" ते म्हणाले. "ते वाचा आणि ती गोळी द्या. एवढं काय अवघड आहे?"

मित्रांनो, त्या क्षणी मावशींना दोन वाटा होत्या. एक, चष्मा घरी राहिला म्हणायचं, कागदावरच्या चित्राप्रमाणे वाट्या भरायच्या आणि उद्या काही झालंच तर यादीकडे बोट दाखवायचं. त्यांच्यावर काहीच आलं नसतं. यादी साहेबांची होती. दुसरी वाट तेरा वर्षं त्यांनी जिवापाड झाकून ठेवली होती.

"साहेब, मला वाचता येत नाही," मावशी म्हणाल्या. "म्हणून तर सिस्टरांनी चित्रं लावलीत. पण मास्तरांना ही पिवळी मी माझ्या हातानं देणार नाही. मला काढायचं असेल तर काढा."

साहेबांनी मावशींच्या हातातून कागद घेतला आणि आयुष्यात पहिल्यांदा माझ्यावरचं चित्र नीट पाहिलं. शेजारचं नाव वाचलं. उठून ड्रॉवर उघडला, पिवळ्या गोळीचं पाकीट काढलं आणि त्यावरचं नाव वाचलं. दोन नावं जुळत नव्हती. त्यांनी पुन्हा वाचलं. मग ते खुर्चीत बसले आणि रुमालानं मान पुसली.

त्यांनी सिस्टरांना फोन लावला. पलीकडे बाळ रडत होतं. सिस्टरांनी एकच प्रश्न विचारला, यादी क्रमानं लावलीत का? साहेब 'हो' म्हणाले, ते मलाही जेमतेम ऐकू आलं. फोनमधून सिस्टर पाच मिनिटं बोलत होत्या आणि साहेब नुसते मान हलवत होते, जणू सिस्टरांना ते दिसतच होतं.

मग जे झालं ते मी विसरणार नाही. साहेब कागद घेऊन कपाटाजवळ उभे राहिले आणि एकेक ओळ मोठ्यानं वाचू लागले. खोली नंबर अमुक, गोळीचं नाव तमुक. मावशी ड्रॉवरमधून गोळी काढून पुढे करायच्या. साहेब पाकिटावरचं नाव पडताळायचे. पहिली बरोबर. दुसरी बरोबर. पाचव्या ओळीपासून साहेबांनी 'मावशी' म्हणायला सुरुवात केली, तोवर ते नुसतं 'हं' म्हणत होते. बावीस ओळी, एकावन्न गोळ्या. एकही चुकली नाही. चहा पाऊण तास उशिरा आला आणि मास्तरांनी दारातूनच साहेबांना उठाबशा काढायला सांगितल्या. गंमत म्हणजे साहेब हसले. त्यांना हसता येतं याबद्दल मला तोपर्यंत दाट शंका होती.

इथे गोष्ट संपली असती तर मला बरं वाटलं असतं. पण तपासणी आली. साहेबांनी वहीत स्वतःच्या हातानं लिहिलं की यादीत चूक झाली, चूक माझी होती आणि ती मावशींनी पकडली. ते त्यांनी लपवलं नाही, हे मी त्यांच्या बाजूनं सांगतो. पण नियम असा होता की ज्याला वाचता येत नाही त्यानं औषधाला हात लावायचा नाही. मावशींचं काम गेलं नाही, ट्रे गेला. त्यांना चादरी आणि टॉवेलांच्या खोलीत पाठवलं. ज्यांनी एक जीव वाचवला त्यांच्याच हातातून ट्रे काढून घेतला, आणि नियम चुकीचा होता असंही मला म्हणता येत नाही. मला फार वाईट वाटलं. ट्रे आता एका नव्या, शिकलेल्या बाई नेऊ लागल्या. खिडकीवाल्या आजी पुन्हा कुंडीत गोळ्या टाकू लागल्या.

सिस्टर परत आल्या आणि आल्या आल्या मला उघडून बसल्या. एकेक चित्र उचलून त्यांनी घराच्या आत बसवलं आणि ओळीशी बांधून टाकलं. आता ओळ उठली की चित्रानंही उठलंच पाहिजे. मग त्यांनी दोन रकाने वाढवले. एक 'चित्र कुठून आलं' आणि दुसरा 'कुणी पाहिलं'. मी आयुष्यभर मनातल्या मनात जे विचारत आलो, ते अखेर माझ्याच माथ्यावर लिहिलं गेलं. 'या यादीला हात का लावू नये' हेसुद्धा त्यांनी या वेळी पहिल्याच ओळीत लाल अक्षरांत लिहिलं.

आणि रोज दुपारी, आजी-आजोबांचा डोळा लागला की, मावशी टॉवेलांच्या घड्या सोडून औषधांच्या खोलीत यायला लागल्या. सिस्टरांनी पुस्तक आणलं नाही. त्यांनी मलाच छापलं, चित्र एका बाजूला आणि नाव दुसऱ्या बाजूला. चित्रं मावशींना पाठ होती, आता शेजारची अक्षरं ओळखायची होती. पिवळीजवळ कुठलं अक्षर, गुलाबीजवळ कुठलं. त्या चिडायच्या, कागद ढकलून द्यायच्या, या वयात हे काय म्हणायच्या. एकदा तर महिनाभर आल्याच नाहीत, नवऱ्याचं दुखणं वाढलं होतं. मला वाटलं, संपलं. माझा त्यांच्या शिकण्यावरही विश्वास नव्हता, खोटं कशाला बोलू?

पुढच्या वर्षीच्या तपासणीला मावशींची परीक्षा झाली. त्याच डॉक्टरीणबाईंनी पंचवीस पाकिटं समोर ठेवली. मावशींनी बोट ठेवून, ओठ हलवत, हळूहळू सगळी वाचली. वेळ लागला, पण कुणी घाई केली नाही. साहेब दाराबाहेर उभे होते, खुर्च्या मोजायचं नाटक करत.

त्या दिवसापासून ट्रे पुन्हा मावशींकडे आला. संध्याकाळी सिस्टरांनी ट्रेमधून परत आलेला कागद स्कॅन केला आणि त्यातला एक छोटा तुकडा चित्र म्हणून माझ्यात आणला. मी सवयीनं त्याला अडवलं. कोण तू? कुठून आलास? किती दिवस राहणार? 'चित्र कुठून आलं' या रकान्यात सिस्टरांनी 'इथलंच' असं लिहिलं आणि ते चित्र शेजारच्या 'कुणी पाहिलं'च्या घरात आत बसवून बांधून टाकलं. मी ते चारी बाजूंनी निरखून पाहिलं. पेनानं काढलेली तीन अक्षरं होती. पहिलं जरा मोठं, शेवटच्याची वेलांटी दोनदा गिरवलेली. 'मावशी'.

मित्रांनो, मी आता म्हातारा झालो आहे. माझ्या जागी लवकरच नवी यादी येईल. तिला माझं एवढंच सांगणं आहे, आणि तुम्हालाही. समोर आलेलं चित्र कितीही सुंदर असो, ते कुठून आलं आणि कुणाच्या ओळीत बसलं आहे हे विचारल्याशिवाय पुढे जाऊ नका. आणि कुणी धीर करून 'मला येत नाही' म्हणालं, तर त्याला हसू नका. माझ्या शेकडो घरांत खरं म्हणून लिहिलेलं पुष्कळ आहे. त्यातल्या 'मावशी' लिहिलेल्या एकाच घरावर मी पुन्हा कधी संशय घेतला नाही.